तीन महिने झाले तरी पाठ दुखतेच आहे? कारणं कशी ओळखायची आणि घरी काय करायचं

माझ्या दवाखान्याच्या दाराशी चपला काढायची जागा आहे. पेशंट आत येण्याआधी मी तिथेच बघत असते. ज्याची पाठ बरेच महिने दुखतेय तो माणूस आधी दाराची चौकट धरतो, श्वास रोखतो आणि एका पायाच्या बोटांनी दुसऱ्या पायातली चप्पल ढकलून काढतो. वाकत नाही. मध्यंतरी आलेल्या एका मावशींनी बसायच्या आधी एमआरआयची भली मोठी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, मणक्यात गॅप पडलाय. वाकायचं नाही म्हणून सांगितलंय." दीड वर्ष त्यांनी जमिनीवरची वस्तू स्वतः उचलली नव्हती. दुखणं तसंच होतं आणि पाठीतली ताकद मात्र गेली होती.

फिजिओथेरपी करताना मला रोज अशी माणसं भेटतात. त्यांना जे समोर बसवून सांगते, तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

उसण भरली, चमक निघाली, की ती बहुतेकदा दोन-चार आठवड्यांत आपली आपण उतरते. पायाळू माणसाचा पाय लावून घेतला की उसण जाते असं आमची आजी सांगायची. त्यामागे हेच असावं, ती तशीही उतरणारच असते. पण दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की त्याला जुनाट म्हणतात आणि तिथून उपचारांची दिशा बदलते. ताज्या दुखण्यात दोन दिवसांची विश्रांती चालते, जुन्या दुखण्यात हीच विश्रांती दुखणं वाढवते.

सगळ्यात आधी: घरी थांबायचं नाही अशी लक्षणं

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लघवी अडकते, किंवा झालेली कळत नाही. शौचावर ताबा राहत नाही. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी, म्हणजे सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तिथे, बधिरपणा येतो. दोन्ही पायांतली ताकद कमी होत जाते. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. मणक्याच्या खालच्या टोकाला असलेला नसांचा जुडगा दबल्याची ही लक्षणं आहेत. इथे तासांना किंमत असते. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

दुसरा गट तेवढा तातडीचा नाही, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचा. संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय, भूक नाही आणि पाठ रात्री जास्त ठणकते: आपल्या देशात असं ऐकलं की मणक्याचा क्षय मनात आणावाच लागतो. क्षय म्हणजे फक्त खोकला असं समजून लोक महिनोन् महिने मलम चोळत बसतात. औषधांचा पूर्ण कोर्स घेतला तर हा आजार बरा होतो, सरकारी यंत्रणेत औषधं मोफत मिळतात. मात्र मणका खचायच्या आत निदान व्हायला हवं. पूर्वी कर्करोग होऊन गेलेला असणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली आणि पडून राहूनही न थांबणारी पाठदुखी, पडल्यानंतर किंवा बरेच महिने स्टेरॉइड घेतल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, पाऊल उचलताना चवडा लोंबणं, हे सगळं याच गटात येतं.

दुखतंय कशामुळे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये दुखण्याचं एकच एक ठोस कारण दाखवता येत नाही. हे ऐकून पेशंट नाराज होतो, "म्हणजे मला खोटं दुखतंय का?" मुळीच नाही. स्नायू, मणक्यांचे छोटे सांधे, चकत्या, अस्थिबंध या सगळ्यांचा त्यात थोडा थोडा वाटा असतो आणि कोणता किती, हे कुठल्याही फोटोत दिसत नाही एवढाच त्याचा अर्थ.

आता त्या 'गॅप'बद्दल. कंबरेत पाच मणके असतात आणि त्यांच्यामध्ये चकत्या, ज्यांना लोक गाद्या म्हणतात. गादी साबणाच्या वडीसारखी सरकत नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. वयाप्रमाणे ती सुकते, थोडी चपटी होते, कधी कडेला फुगते. २०१५ साली एका अमेरिकी अभ्यासगटाने पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या, पन्नाशीत ८० टक्के लोकांच्या. पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्याही होत्या. आणि यातल्या कोणाचीच पाठ दुखत नव्हती! म्हणून एमआरआयचा अहवाल हातात आला की त्यातले शब्द वाचून घाबरू नका. केसांतल्या चांदीसारखंच ते बरंचसं वयाचं लक्षण असतं. तुमच्या तक्रारीशी त्या अहवालाचा मेळ बसतो का, हे तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

काही कारणं मात्र पेशंटच्या बोलण्यातूनच ओळखता येतात.

कुल्ल्यापासून मांडीच्या मागून पोटरीत, पावलापर्यंत कळ जाते, मुंग्या येतात, खोकला-शिंक आली की झटका बसतो: ही सायटिका, म्हणजे नस चिडलेली. बाहेर आलेला चकतीचा भाग बहुतेक लोकांत काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप आक्रसतो. नुसतं 'गादी बाहेर आलीय' म्हणून ऑपरेशनची घाई करायचं कारण नसतं.

साठीच्या आसपासचे आजोबा सांगतात, "पाच मिनिटं चाललं की पोटऱ्या भरून येतात, पारावर वाकून बसलो की मोकळं वाटतं." सायकल मात्र ते आरामात चालवतात. मणक्यातली नसांची वाट अरुंद झाल्याचा हा नमुना आहे. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, म्हणून हे एकदा तपासून घ्यायचंच.

पंचविशीतला मुलगा, सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ लाकडासारखी, पहाटे दुखण्याने जाग येते, हालचाल केली की बरं वाटतं आणि आराम केला की वाईट. हा मणक्याचा संधिवात असू शकतो. या मुलांची वर्षं वाया जातात, कारण "तरुण आहेस, व्यायाम कर" म्हणून सगळे वाटेला लावतात. असं असेल तर थेट संधिवाततज्ज्ञांकडे जा. आज त्यावर चांगली औषधं आहेत.

पाळी गेलेल्या बायकांमध्ये हाडं ठिसूळ होऊन साधं वाकल्यावरही मणका दबू शकतो. ड जीवनसत्त्व फारच कमी असेल तर अंगभर हाडं ठणकतात. तपासणी करून कमतरता भरून काढा, पण ती ६० हजार युनिटची पुडी कोणालाही न विचारता दर आठवड्याला महिनोन् महिने घेत राहू नका. मूतखडा, गर्भाशयाचे आजार आणि नागीण यांमुळेही पाठ दुखते. नागिणीत तर पुरळ उठायच्या आधी दोन-तीन दिवस एका बाजूला नुसती आग होते.

आणि एक गोष्ट, जी मी जवळजवळ रोज ऐकते: "सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं, तेव्हापासून दुखतंय." सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, पण या इंजेक्शनमुळे वर्षानुवर्षं पाठ दुखते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. मग दुखणं येतं कुठून? नऊ महिने ताणलेल्या पोटाच्या स्नायूंमधून, दर दोन तासांनी पोक काढून दूध पाजण्यातून, अपुऱ्या झोपेतून, आणि दिवसागणिक जड होत जाणाऱ्या बाळाला दिवसात पन्नास वेळा उचलण्यातून. या बायकांना मी मनापासून सांगते, तुमच्या पाठीत कायमचं काही बिघडलेलं नाही, ताकद परत येते.

जखम भरली तरी दुखणं का राहतं?

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. नसा आणि मेंदू नेमकं हेच करतात. एकदा पाठीतून मोठी कळ आली की त्या भागाची राखण वाढते. पुढे साध्या वाकण्यालाही मेंदू धोका समजतो, स्नायू आवळून धरतो आणि कळ पाठवतो. माणूस हालचाल कमी करतो, स्नायू कमजोर होतात, लवकर थकतात, पुन्हा दुखतं. झोप नीट नसेल, घरात ताण असेल, नोकरीची काळजी असेल तर ही राखण आणखी कडक होते. दुखणं खरंच असतं. मात्र दुखतंय त्या प्रत्येक वेळी आत काहीतरी तुटतंय, असं नसतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावर उभ्या आहेत.

पायरी १: आठवडाभर वही

सात दिवस फक्त लिहा. किती मिनिटं बसल्यावर दुखू लागतं, किती उभं राहिल्यावर, किती चालल्यावर. सकाळी जास्त की संध्याकाळी. झोप किती तास. "दिवसभर दुखतं" असं म्हणणाऱ्या पेशंटच्या वहीत दुपारचे दोन तास बरे गेलेले सापडतात, आणि त्या दोन तासांत तो काय करत होता हे कळलं की उपचाराची सुरुवात तिथून होते.

पायरी २: माप ठरवा

बरं वाटलं की लोक तुंबलेली सगळी कामं एका दिवसात उरकतात. माळा आवरतात, गाद्या उन्हात घालतात, आणि मग तीन दिवस झोपून काढतात. पुन्हा बरं वाटलं की पुन्हा तेच. हे चक्र मोडायचं असेल तर काम दुखण्यावर न ठरवता घड्याळावर ठरवा. वहीनुसार ओट्याशी वीस मिनिटं उभं राहिल्यावर दुखत असेल, तर पंधराव्या मिनिटाला दोन मिनिटं बसायचं. बरं वाटत असलं तरी बसायचं आणि थोडं वाईट वाटत असलं तरी पंधरा मिनिटं उभं राहायचं. आठवड्याने हे माप मिनिट-दोन मिनिटांनी वाढवा. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

पायरी ३: चालणं

ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेला एक अभ्यास २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच बाहेर आलेल्या या लोकांपैकी ज्यांनी हळूहळू वाढवत चालण्याचा सराव केला, त्यांचं दुखणं पुन्हा उलटायला साधारण २०८ दिवस लागले. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचं ११२ दिवसांत उलटलं. तिथलं लक्ष्य होतं आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास, तेही सहा महिन्यांत गाठायचं.

तुम्ही आठ-दहा मिनिटांपासून सुरू करा. सपाट रस्ता, पायात बूट, हात मोकळे. ज्यांना वाकल्यावर बरं वाटतं, त्या आजोबांनी चालताना मध्ये मध्ये बसावं किंवा सायकल चालवावी.

पायरी ४: चार व्यायाम

आधी वेळेबद्दल. रात्री झोपेत चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंचीही सेंटिमीटरभर जास्त असते. अशा फुगलेल्या चकत्यांवर पुढे वाकण्याचा ताण जास्त येतो. उठल्या उठल्या सूर्यनमस्कार किंवा पश्चिमोत्तानासन करणाऱ्यांनी तासभर थांबावं. तोवर चालावं, चहा घ्यावा.

पहिला व्यायाम: हात-गुडघ्यांवर रांगण्याच्या स्थितीत या. पाठ मांजरासारखी वर, मग हळूच खाली. सहा-सात वेळा, जोर न लावता.

दुसरा: त्याच स्थितीत उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ लांबवा. आठ सेकंद धरा, मग बाजू बदला. दोन्ही बाजूंना पाच-पाच वेळा. कंबरेवर अर्धी भरलेली पाण्याची वाटी ठेवली आहे आणि ती सांडू द्यायची नाही, अशी कल्पना करा. सुरुवातीला बहुतेकांची कंबर कलते. मग आधी नुसता पाय लांबवा.

तिसरा: पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, टाचा जमिनीत रोवून कुल्ले उचला. पाच सेकंद, दहा वेळा. ताण मांड्यांत आणि कुल्ल्यांत जाणवायला हवा. कंबरेतच जाणवत असेल तर कमी उचला.

चौथा: कुशीवर, कोपरावर टेकून, गुडघे दुमडलेले ठेवून कंबर जमिनीपासून उचला. दहा सेकंद, तीन वेळा, दोन्हीकडे.

थोडं दुखलं तर घाबरू नका. दहापैकी तीन-चार इतकं दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीला यायला हवं. पायात कळ जाणाऱ्यांसाठी नियम वेगळा आहे. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत अशी वर सरकत असेल तर ते सुधारणेचं लक्षण आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. ती खाली, पावलाकडे सरकत असेल तर तो व्यायाम त्या क्षणी थांबवा.

पायरी ५: वाकायला पुन्हा शिका

त्या मावशींना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं. मॉपची काठी घ्या आणि पाठीवर उभी धरा. वरचं टोक डोक्याच्या मागे, मधला भाग दोन खांद्यांच्या मध्ये, खालचं टोक माकडहाडाला. एक हात मानेमागे, दुसरा कंबरेमागे. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहा, गुडघे किंचित सैल सोडा. आता कुल्ले मागे नेऊन भिंतीला टेकवा. छाती आपोआप पुढे झुकते. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेलीच राहायला हवी. खालचं टोक सुटलं, म्हणजे तुम्ही खुब्यातून वाकण्याऐवजी कंबरेतून वाकलात. जमलं की अर्धं पाऊल पुढे सरका आणि पुन्हा करा. मावशींना तिसऱ्या खेपेला जमलं, आणि मांडीमागचे स्नायू ताणलेले जाणवून त्या चमकून म्हणाल्या, "अगंबाई, हे तर पायात येतंय!" तिथेच यायला हवं.

असं वाकून आधी रिकामी बादली उचला, मग दोन लिटर पाण्याची, मग पाच. वस्तू अंगाजवळ धरा, उचलताना श्वास सोडा, आणि वळायचं असेल तर कंबर न पिळता पाऊल फिरवा. भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो, तो उचलू नका, बुडाच्या कडेवर तिरका करून फिरवत न्या. पाण्याचा वीस लिटरचा कॅन दोघांनी धरा. पाठ गोल करणं म्हणजे पाप नव्हे. मोजे घालताना ती गोल होणारच. पाच-सहा आठवड्यांनी तेही मोकळेपणाने करू लागा.

घर, ऑफिस, गाडी, झोप

सगळ्या जगाला लागू पडेल अशी एक आदर्श बैठक नसते. दर अर्ध्या तासाला उठणं हे महागड्या खुर्चीपेक्षा जास्त कामाचं आहे. फोन आला की उभं राहून बोला. ओट्याशी उभं राहताना एक पाय पाटावर ठेवा, पाच मिनिटांनी पाय बदला. दुचाकीवर खड्डा दिसला की वेग आधीच कमी करा. मागे एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्यांची कंबर सारखी पिळलेली राहते, जमेल तेव्हा दोन्हीकडे पाय टाकून बसा.

फळीवर किंवा जमिनीवर झोपायचा सल्ला अजून दिला जातो. स्पेनमधल्या २००३ च्या अभ्यासात मात्र कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांची कंबर कमी दुखली. कुशीवर झोपलात तर दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या, पाठीवर झोपलात तर गुडघ्यांखाली. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताच्या रेट्याने उठा.

शेक, गोळ्या, पट्टा

गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं शेकायला हरकत नाही. मधुमेहामुळे कातडी बधिर झाली असेल तर जपा, भाजलेलं कळत नाही.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, थोडे दिवस आणि जेवणानंतर घ्या. रक्तदाब, मूत्रपिंड, हृदय किंवा अल्सरचा त्रास असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील तर दुकानातून परस्पर घेऊच नका. आणि एक कळकळीची विनंती: लेबल नसलेली, 'दोन दिवसांत पाठ मोकळी' करणारी बाहेरची पुडी घेऊ नका. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. आराम खरंच पडतो, पण पुढे साखर वाढते, हाडं पोकळ होतात. आधीच बरेच दिवस घेत असाल तर एकदम न थांबवता पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

कंबरपट्टा आणि कंबरेला वजन लावणं, या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी केलेली नाही. व्यायाम, दुखण्याची नीट माहिती, मसाज आणि गरज असेल तर समुपदेशन यांना तिथे स्थान आहे. समुपदेशनाचं नाव काढलं की लोक दुखावतात. पण रोज दुखणाऱ्या शरीरासोबत जगताना मन थकतं, त्या थकव्यावर उपचार घेण्यात लाज कसली?

दुखणं पुन्हा उसळलं तर

उसळणार, हे धरून चाला. पहिल्या दिवशी आधी वर दिलेली धोक्याची लक्षणं तपासा. ती नसतील तर शेक घ्या, पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि मधल्या वेळात घरातल्या घरात फिरत राहा. दुसऱ्या दिवशी पहिला, मांजराचा व्यायाम आणि पाच मिनिटं चालणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चारही व्यायाम, पण नेहमीच्या निम्मे. आठवड्याभरात जुन्या मापावर या. आणि वहीत लिहा की आदल्या दोन दिवसांत काय झालं होतं: लांबचा एसटीचा प्रवास, लग्नघरचं काम, की सलग तीन रात्रींचं जागरण.

एवढं सगळं सहा ते आठ आठवडे नेमाने करूनही काहीच फरक नसेल, तर ती वही, जुने अहवाल आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. एमआरआयच्या पिशवीआधी वही पुढे करा.